पुणेरी पलटणीचा दहावा मोसम

आमच्या काळात कबड्डीच्या स्पर्धेला जायचं म्हणजे आधी रोज बुडवायचा. निपाणीहून आमच्या संघात खेळायला येणारा डावा कोपरारक्षक तंबाखूच्या वखारीत कामाला होता. खडेबाजारच्या बाजूला गणपतीत सामने लागले की तो दुपारीच बस धरायचा. म्हणजे त्या दिवसाचा अर्धा आणि दुसऱ्या दिवसाचा पूर्ण रोज गेला. जिंकलो तर ढाल मंडळाच्या कपाटात राहायची. त्याच्या हातात नारळ, टॉवेल आणि बसभाडं. एका वर्षी त्याचा घोटा दुखावला आणि सहा आठवडे त्याने घरी बसून काढले. आम्ही बाजारातून फिरून वर्गणी केली, ती दोन आठवड्यांच्या शिध्यालाही पुरली नाही. पुढच्या गणपतीत तो आला नाही. त्यानंतरही नाही. चढाईपटूचा पाय निदान रेषेच्या आत पडला की तो ज्या वेगाने खाली जाऊन घोटा धरायचा, तशी पकड मी पुढे फार थोड्यांकडे पाहिली.

या स्मरणिकेत आपल्या मैदानाचा इतिहास इतरांनी लिहिला आहे. माझ्याकडे एका व्यावसायिक क्लबच्या विजेतेपदाचा इतिहास सोपवण्यात आला, आणि मी पुणेरी पलटण निवडली. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या मोसमात, १ मार्च २०२४ ला, या संघाने पहिल्यांदा करंडक उचलला. बेळगावच्या स्मरणिकेत पुण्याचा संघ कशाला, असं कोणी विचारील. आपल्याकडे बेंगळुरू बुल्सला मानणारी पोरंही पुष्कळ आहेत आणि ती आपलीच पोरं आहेत. पण पलटणीच्या विजयात सीमेच्या दोन्ही बाजूंचा हात आहे. कर्णधार तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातला आणि प्रशिक्षक कर्नाटकातले. सीमेवरच्या माणसाला ही गोष्ट सांगावीशी वाटणारच. आणि माझ्या मनात तो निपाणीचा कोपरारक्षकही आहे, म्हणून हा इतिहास मी बुडीत रोजाच्या बाजूने सांगणार आहे.

हा प्रश्न आपल्यापुरता नव्हता. इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणींत आणि कापडगिरण्यांत राबणारे कामगार शनिवारी रग्बी खेळायचे. सामन्यासाठी पाळी सोडावी लागली तर तेवढी मजुरी कापली जायची. क्लबांनी त्यांना ती भरून द्यावी की नाही यावरून वाद पेटला. दक्षिणेकडच्या सुखवस्तू मंडळींचं म्हणणं होतं की खेळाचे पैसे घेणं कमीपणाचं. उत्तरेचे क्लब म्हणत होते की ज्याच्या घरी चूल त्या मजुरीवर पेटते त्याला हे सांगू नका. अखेर २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली, उत्तरेचे क्लब जुन्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यातून रग्बी लीग हा निराळा खेळ उभा राहिला. १९०६ पासून तो तेरा-तेरा खेळाडूंचा झाला. अंगाला अंग भिडवून माणूस पाडायचा, उठायचं, पुन्हा भिडायचं असा हा खेळ. कबड्डी खेळलेल्या माणसाला तो पाहताना परका वाटत नाही.

खेळाडूचा रोज भरून देण्यापर्यंत यायला कबड्डीला आणखी बराच काळ लागला. आपल्या बाजूच्या हुतूतूला नियमांत बसवण्याचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या मंडळींनी केलं. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धा झाल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. शंकरराव तथा बुवा साळवींनी उभं आयुष्य या खेळात घातलं आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकांच्या यादीत आली. मान मिळाला. पण चांगला खेळाडू म्हणजे रेल्वे, पोलीस, सेनादल किंवा बँकेत नोकरी लागलेला, हे समीकरण तसंच राहिलं. नोकरी नाही लागली तर पंचविशीत खेळ संपला.

२०१४ मध्ये आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने प्रो कबड्डी लीग सुरू केली. लिलाव झाले, मॅट आलं, दिवे आले, तीस सेकंदांची चढाई आली. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं, हा नियम आला. जुन्या जाणत्यांना हे सगळं रुचलं नाही. माती गेली याचं मलाही वाईट वाटलं. पण गावातल्या पोराच्या नावापुढे लाखांचा आकडा लागलेला पाहिला त्या रात्री मला झोप आली नव्हती, हेही इथे नोंदवतो.

पुणेरी पलटण पहिल्या आठ संघांपैकी एक. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल हे तिचं घर. नाव पुण्याचं, गाव कबड्डीचं, पण सुरुवात फार वाईट झाली. पहिल्या मोसमात संघ आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. दुसऱ्यातही तळ सुटला नाही. त्याच दुसऱ्या मोसमात, २०१५ मध्ये, शेजारच्या यू मुम्बाने अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. मुंबईत करंडक आणि पुण्यात शेवटचा बाक. पुणेकरांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल हे मुंबई-पुण्याचं नातं माहीत असलेल्याला वेगळं सांगायला नको.

२०१६ मध्ये लीगचे दोन मोसम झाले. मनजीत छिल्लर कर्णधार म्हणून आला, अशोक शिंदेंसारखा जुना अर्जुन पुरस्कारविजेता खेळाडू प्रशिक्षक झाला आणि संघ दोन्ही वेळा तिसरा आला. त्यानंतरचा काळ मी भराभर ओलांडतो, कारण त्यात दर वर्षी तेच घडलं. नवा कर्णधार, लिलावात घेतलेली मोठी नावं, मधूनच एखादी चांगली झेप आणि मग घसरण. दीपक हुडा, गिरीश एर्नाक, सुरजीत सिंग असे कर्णधार झाले. सगळे आपापल्या परीने भक्कम खेळाडू, पण घडी काही बसत नव्हती. २०१९ च्या सातव्या मोसमात बारा संघांत दहावा क्रमांक.

माझ्या मते विजेतेपदाचा इतिहास खरा सुरू होतो तो आठव्या मोसमात, आणि तोही प्रेक्षक नसलेल्या सभागृहात. कोविडमुळे २०२१-२२ चा सगळा मोसम बेंगळुरूच्या एका हॉटेलात बंद दारांआड झाला. अनुप कुमार प्रशिक्षक होता. संघात राहुल चौधरी होता, कर्णधार नितीन तोमर होता. ज्यांच्या नावावर तिकिटं खपावीत अशी ही माणसं. पण मोसम पुढे सरकत गेला तशी चढाईची धुरा दोन अनोळखी पोरांकडे गेली. एक हरयाणाचा मोहित गोयत, ज्याला त्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित ठरवलं गेलं. दुसरा अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा असलम इनामदार. वडील लवकर गेलेले, आईने मोलमजुरी करून पोरं वाढवलेली, स्वतः पडेल ते काम केलेला. गोष्ट आपल्या भागात नवी नाही. नवं होतं ते एवढंच, की या वेळी कुणीतरी त्याला वर्षभर खायला, राहायला, सराव करायला देऊन थांबायला तयार होतं.

इथे लिलावाचं गणित समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. दहाव्या मोसमाला ती पाच कोटींची होती. मोठा खेळाडू लिलावात घ्यायचा तर बोली लावावी लागते, पण संघाने स्वतः हेरलेली तरुण पोरं ठरावीक, कमी मोबदल्यात काही मोसम राखून ठेवता येतात. पलटणीने तरुणांसाठी वर्षभर चालणारी निवासी प्रबोधिनी उभी केली होती. तिथली आणि बाहेर हेरलेली पोरं हळूहळू मुख्य संघात आली. असलम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे चढाईचे. अभिनेश नटराजन, संकेत सावंत, गौरव खत्री हे पकडीचे. लिलावाच्या दिवशी मोठ्या नावांवर पैसे उधळणं सोपं आहे. विशीतल्या सात-आठ पोरांवर तीन वर्षं विश्वास ठेवणं, तेही दहावा क्रमांक पाहिल्यावर, याला छाती लागते. पलटणीच्या कारभाऱ्यांचं मला सगळ्यांत मोठं काम वाटतं ते हे.

२०२२ च्या नवव्या मोसमात बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून आले. भारताकडून खेळलेला कर्नाटकचा हा माणूस. बेंगळुरू बुल्स जिंकले तेव्हा त्यांच्याबरोबर होता, आणि २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेता करून आलेला. त्या वर्षी पलटणीने इराणचा फजल अत्राचली एक कोटी अडतीस लाखांना घेतला आणि त्याला कर्णधार केलं. संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यापर्यंत गेला. उपांत्य सामन्यात असलम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते. तमिळ थलैवाजविरुद्ध पंकज मोहितेने एकट्याच्या अंगावर चढाई घेतली, सोळा गुण आणले आणि सामना ३९-३७ असा काढला. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने मात्र ३३-२९ असं हरवलं. चार गुण.

अंतिम सामना हरलेला संघ दोन वाटांनी जातो. एक तर उसवतो, नाहीतर त्याच हरलेल्या माणसांना घेऊन परत येतो. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधल्या पेनरिथ पँथर्सचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. सिडनीच्या पश्चिमेकडच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांना लहानपणापासून आपल्याच मैदानावर वाढवणारा हा क्लब २०२० चा अंतिम सामना मेलबर्नकडून २६-२० असा हरला. पोरं तीच ठेवली. पुढच्या वर्षी १४-१२ असा जिंकला आणि २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं विजेता राहिला. घरची पोरं हरल्यावर घरीच परत येतात, हे त्यांच्याकडे पाहिल्यावर कळतं.

पलटणीनेही पोरं ठेवली. सोडला तो कर्णधार फजल. पुढे गुजरातने त्याला एक कोटी साठ लाखांना घेतलं. अंतिम फेरीपर्यंत नेलेला, जगातल्या उत्तम बचावपटूंत गणला जाणारा माणूस सोडायचा आणि संघ पंचविशीही न ओलांडलेल्या असलमच्या हाती द्यायचा, हा निर्णय मला तेव्हा पटला नव्हता. माझ्या दुकानात बसून मी तो चुकीचा असल्याचं दहा जणांना सांगितलं होतं. मी चुकलो होतो.

याच सुमारास हांगझोच्या आशियाई स्पर्धेत एक विलक्षण गोष्ट घडली. ७ ऑक्टोबर २०२३ ला भारत आणि इराण सुवर्णपदकासाठी खेळत होते. असलम आणि आकाश शिंदे भारताच्या चमूत, आणि समोर इराणच्या बचावात मोहम्मदरेझा शादलुई चियाने. शेवटच्या मिनिटांत २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवर वाद झाला. लॉबी, कोण कुठे बाद, कुठला नियम लावायचा यावर खेळ तासाभर अडला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्ण घेतलं. दोनच दिवसांनी मुंबईत लीगचा लिलाव सुरू झाला आणि पलटणीने त्याच शादलुईला दोन कोटी पस्तीस लाखांना घेतलं. पाच कोटींच्या मर्यादेतले जवळजवळ निम्मे पैसे एका डाव्या कोपऱ्यासाठी! हे परवडलं ते बाकीची पोरं घरची होती म्हणून. तीन वर्षं जी वाट पाहिली तिचं व्याज या एका बोलीत वसूल झालं.

ज्याला आपण परवा मॅटवर पाडत होतो, जो आपल्याला पाडत होता, त्याच्याबरोबर आज एका खोलीत राहायचं. खेळाडूंना हे आपल्यापेक्षा सोपं जातं. सीमाभागात राहणाऱ्यांनी यातून काय घ्यावं ते मी सांगत नाही, पण मला ते दृश्य आवडतं.

२ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादेत मोसम सुरू झाला. कोविडनंतर पहिल्यांदाच लीग बाराही शहरांत फिरणार होती. पलटणीचा पहिला सामना ठरला तो जयपूरशीच, वर्षभरापूर्वी चार गुणांनी हरवून गेलेल्या विजेत्यांशी. ३७-३३. चार गुणांची बाकी चार गुणांनीच फेडली. त्या रात्री मी माझ्या वहीत एवढंच लिहिलं : ‘पोरं घाबरत नाहीत.’

पुढे जे दिसत गेलं ते असं. आधीच्या मोसमांत पलटणीची चढाई एखाद्या दोघांवर टेकलेली असायची. आता असलम बाद झाला तर मोहित, मोहित गेला तर आकाश, आणि बाकावर पंकज. असलम स्वतः पकडीतही उभा राहायचा, त्यामुळे कर्णधार खेळातून कधी सुटत नसे. डाव्या कोपऱ्यात शादलुई. त्याची खासियत अशी की तो चढाईपटूची वाट पाहत नाही, आपणच पुढे झेपावतो. साधारण कोपरारक्षक असं करायला गेला तर हमखास फसतो, समोरचा त्याला हूल देऊन हात लावून परत जातो. पण शादलुईच्या मागे उरलेली साखळी इतकी नेटकी हलायची की त्याचा पहिला झपाटा हुकला तरी अभिनेश आणि संकेत मधून येऊन माणूस बाहेर काढायचे. उजवीकडे गौरव खत्री शांतपणे घोट्यावर नजर ठेवून. कबड्डीत सात जणांची साखळी म्हणतात ती ही. कडी कोणती मजबूत आहे ते बाहेरून कळता कामा नये.

रमेश सरांचं काम इथे दिसतं. शादलुईसारख्या आक्रमक खेळाडूला आवर घालणं सोपं होतं, पण त्यांनी तसं केलं नाही. बाकीच्यांना त्याच्या चालीत बसवलं. उसळत्या बैलाला वेसण घालण्याऐवजी गाडीच त्याच्या वेगाची बांधली, असं आमच्याकडचे म्हातारे म्हणतील. शादलुईने त्या मोसमात पकडीचे ९९ गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे चाराहून जास्त. लीगचा सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला.

बावीस साखळी सामने. सतरा विजय, तीन बरोबरी, दोन पराभव. एकूण ९६ गुण आणि पहिला क्रमांक. जयपूर ९२ गुणांनी दुसरं. यात एक बारीक गोष्ट आहे जी कोष्टक नुसतं चाळणाऱ्याच्या नजरेतून सुटते. तेव्हा विजयाचे पाच गुण, बरोबरीचे तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तर एक. सतरा पंचे पंच्याऐंशी, तीन त्रिक नऊ, झाले चौऱ्याण्णव. उरलेले दोन आले ते दोन पराभवांतून. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, बारा शहरं, बावीस सामने, आणि या संघाला कुणीही सातापेक्षा जास्त गुणांनी हरवू शकलं नाही. त्यांनी चार-सहा सामने मोठे मारले याचं मला तितकं कौतुक नाही. ते कधी कोसळले नाहीत, हे फार मोठं.

पहिल्या दोन क्रमांकांना थेट उपांत्य फेरी होती. २८ फेब्रुवारीला हैदराबादच्या गच्चीबावली सभागृहात समोर पाटणा पायरेट्स, तीन वेळा लीग जिंकलेला संघ आणि शादलुईचा जुना संघ. ३७-२१. सोळा गुणांच्या फरकाविषयी काय लिहायचं? दुसऱ्या उपांत्य सामन्यात हरयाणा स्टीलर्सने जयपूरला ३१-२७ असं घरी पाठवलं. म्हणजे अंतिम सामन्यात कुणीही जिंकलं तरी नवा विजेता ठरणार होता.

१ मार्च २०२४, शुक्रवार. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही माडीवरच्या खोलीत जमलो होतो. गल्लीतली पोरं होती, मापटंभर चिरमुरे होते, आणि निपाणीहून तो आला होता, माझा कोपरारक्षक. बऱ्याच वर्षांनी. घोटा अजून चालताना थोडा वाकडा पडतो.

अंतिम सामने बहुधा घट्ट होतात. हाही तसाच झाला. हरयाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग आणि कर्णधार जयदीप दहिया यांनी संघाची सगळी उभारणी पकडीवर केली होती. पहिल्या पंधरा मिनिटांत कुणी कुणाला जागा दिली नाही. एक गुण इकडे, एक तिकडे. माडीवर कुणी बोलत नव्हतं. मग मध्यंतर जवळ आलेलं असताना पंकज मोहिते चढाईला गेला आणि एका दमात चार गुण घेऊन परतला. खोलीत काय गदारोळ झाला ते शेजारच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं. एक पोरगं खिडकीतून रस्त्यावर ओरडलं, ‘जिंकुलालेत की ओ पुण्याचे!’ मध्यंतराला १३-१०.

पंकजविषयी थोडं थांबून सांगायला हवं. असलम कर्णधार, शादलुई दोन कोटींचा, मोहितचं नाव झालेलं. पंकज मात्र २०१९ पासून याच संघात, दहावा क्रमांक पाहिलेला, कित्येक सामने बाकावर बसून काढलेला. वर्षापूर्वीच्या उपांत्य सामन्यात त्यानेच संघ तारला आणि पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा पुन्हा तो राखीव होता. अशा खेळाडूचं मन मोडतं. आमच्या संघातली अशी दोन पोरं मला आठवतात जी याच कारणाने खेळ सोडून गेली. पंकज गेला नाही. आणि अंतिम सामन्यात दोन्ही संघांत मिळून सगळ्यांत जास्त, नऊ गुण त्याचे होते. व्यावसायिक क्लबने काय दिलं असं मला कोणी विचारलं तर मी पंकजचं नाव घेतो. बाकावर बसलेल्याचाही रोज चालू राहतो. म्हणून तो अंतिम सामन्याच्या दिवशी तिथे असतो.

दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच पलटणीने लोण चढवलं आणि अंतर वाढलं. सामना संपला असं पोरांना वाटलं. कोपरारक्षक म्हणाला, ‘थांबा रे, हरयाणा आहे.’ आणि खरोखरच हरयाणाने एकेक गुणाने अंतर कमी करत आणलं. शेवटची काही मिनिटं पलटणीने घाई केली नाही. चढाईला जायचं, तीस सेकंद खेळायचं, अंगाला हात लागू न देता परत यायचं, आणि तिसऱ्या चढाईला जोखीम घ्यायची. बघणाऱ्याला हे रटाळ वाटतं. खेळलेल्याला त्यातला घाम कळतो. मी पडद्यावर चढाईपटू पाहत होतो, कोपरारक्षक मात्र सगळा वेळ फक्त डाव्या कोपऱ्याचे पाय पाहत होता.

२८-२५. पुणेरी पलटण विजेती. विजेत्यांना तीन कोटींचं बक्षीस होतं. मोसमाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून असलम इनामदारचं नाव पुकारलं गेलं. मॅटवर मराठी, हरयाणवी, तमिळ, फारसी बोलणारी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती आणि त्यांच्यामध्ये आमच्या राज्याचे रमेश सर उभे होते. खाली खडेबाजारात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बेंगळुरू बुल्सचा बनियन घातलेलं एक पोरगंही नाचत होतं.

कोपरारक्षक बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मला शादलुईला किती मिळाले ते विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला आणि म्हणाला, ‘चांगलं झालं. कोपऱ्याला मिळाले.’ चढाईपटूची टाळी सगळे वाजवतात. कोपऱ्यावर कुणी पैसे लावत नाही अशी त्याची जुनी तक्रार होती, ती त्या रात्री मिटली असावी.

यानंतरचं थोडक्यात नोंदवून ठेवतो. पुढच्या, अकराव्या मोसमात शादलुई दोन कोटी सात लाखांना हरयाणाकडे गेला. असलमला गुडघ्याच्या दुखापतीने गाठलं आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. त्या मोसमाचा अंतिम सामना पुण्यात, पलटणीच्याच बालेवाडीत झाला. २९ डिसेंबर २०२४ ला हरयाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं आणि बालेवाडीच्या मॅटवर शादलुईने सलग दुसऱ्या वर्षी करंडकाला हात लावला, दुसऱ्याच रंगाच्या बनियनात. २०२५ मध्ये रमेश सर बेंगळुरू बुल्सकडे परतले आणि पलटणीची सूत्रं भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूरकडे आली. कर्णधार असलमच, बरा होऊन परतलेला. पुन्हा बहुतेक तीच घरची पोरं घेऊन संघ अंतिम सामन्यात गेला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असं हरवलं. अंतर पुन्हा तीन गुणांचंच.

त्या रात्री निपाणीहून फोन आला. ‘पोरं तीच आहेत ना?’ त्याने विचारलं. मी हो म्हटलं.